पाती मागाहून येत आहेत

डिस्पॅच खात्यात किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपोआप साचतात. लेबल फाटलेलं एखादं खोकं कोपऱ्यात राहतं, त्यावर दुसरं येऊन बसतं, आणि सहा महिन्यांनी कुणीतरी विचारतं, "अहो, हे काय आहे?" मग उघडावंच लागतं. माझ्याकडे अशी बरीच खोकी पडून आहेत. आज विषय निघालाच आहे तर एकाच उन्हाळ्यातली काही उघडते.

नव्वदीच्या दशकातली शेवटची वर्षं. बंगलोरला यशवंतपूर स्टेशनच्या मागच्या बाजूला आमची सीलिंग फॅनची फॅक्टरी होती. मी मूळची नागपूरची, लग्न होऊन इकडे आले आणि डिस्पॅचमध्ये कॉम्प्युटरवर बसले. कॉम्प्युटर म्हणजे काय, एक हिरव्या अक्षरांचा पडदा आणि शेजारी किरकिरणारा प्रिंटर. त्यावर मी दिवसभर गावांच्या नावांची लेबलं छापायची. नागपूर, नांदेड, सोलापूर, रायचूर, गुलबर्गा!

गंमत म्हणजे तेव्हाच्या बंगलोरात पंखा कुणाला लागायचाच नाही. आमच्या घरी नव्हता. खात्यात कुणाच्याच घरी नव्हता. मार्चमध्येसुद्धा मी सकाळी स्वेटर घालून यायची. पत्र्याच्या छतात मधेमधे पारदर्शक पत्रे होते, त्यातून दुपारी उन्हाचे चौकोन खोक्यांवर उतरायचे. मागे मालगाडीचे डबे एकमेकांना धडकत लांब निघून जायचे. लेबल चिकटवता चिकटवता मी त्या त्या गावाच्या उन्हात जाऊन यायची. फुकटात!

आमचे मुख्य म्हणजे शंकरण्णा. निपाणीचे, घरात मराठी, दारात कन्नड. बावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं: रोज दुपारी चार वाजता लॉरी गेटबाहेर काढणं. पुण्यानागपूरकडे आपण ट्रक म्हणतो, इथे लॉरी. चारची लॉरी चारला सुटायची म्हणजे सुटायचीच. समोरचा चहावाला घड्याळ लावायचा तिच्यावर.

* * *

त्या फेब्रुवारीत पुण्याहून अनघा आली. सव्वीस वर्षांची, मॅनेजमेंट शिकलेली, आणि तिच्यासाठी एक नवंकोरं खातं उघडलेलं: सप्लाय चेन. तोपर्यंत आम्ही चेन फक्त सायकलची पाहिली होती.

मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून इंग्रजीत सांगितलं, की उन्हाळा संपायच्या आत ठरवायचं आहे. डिस्पॅचचं काम बाहेरच्या ट्रान्सपोर्ट कंपनीला द्यायचं की आपल्याकडेच ठेवायचं. दिलं तर लोडर लोकांना असेंब्लीत घेऊ, मला ऑफिसात, आणि शंकरण्णांना कँटीनच्या भाजीखरेदीवर. कुणी हसलं नाही. शंकरण्णा खिशातलं पेन काढून त्याचं टोपण उघडत होते, लावत होते. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी अनघाने आम्हाला फळ्यासमोर बसवलं. खडूने एक मोठं वर्तुळ काढलं. "ही सप्लाय चेन. म्हणजे बेसिकली सगळंच. तांब्याची तार कुठून येते, पाती कोण बनवतं, किती पंखे लागणार, कोण विकणार, सगळं." मग त्याच्या पोटात एक छोटं वर्तुळ काढलं. "आणि हे लॉजिस्टिक्स. माल ठेवणं, हलवणं, पोचवणं. म्हणजे तुम्ही."

शंकरण्णा उठले, फळ्याजवळ गेले, छोट्या वर्तुळाभोवती बोट फिरवून पाहिलं.

"बरोबर हाय ना अण्णा?" लोडर मल्लप्पाने मागून विचारलं.

"वर्तुळ बरोबर हाय," शंकरण्णा म्हणाले. "पण म्याडम, ह्या मोठ्यातनं छोट्यात यायला वाट कुठं ठेवलीय तुम्ही? लॉरी आत कशी घ्यायची?"

अनघाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, आणि बोटाने खडू पुसून छोट्या वर्तुळाला एक दार केलं. "बास?"

"स्वल्प आणि मोठं करा. वळायला जागा लागते की!"

* * *

अनघा पहिल्या आठवड्यात मागच्या तीन वर्षांचे आकडे घेऊन बसली. कुठल्या गावाला किती पंखे कधी लागणार, याचा अंदाज काढायचा होता. तिने शंकरण्णांना विचारलं, "तुम्ही कसं ठरवता, नागपूरची पहिली मोठी लॉरी कधी पाठवायची ते?"

शंकरण्णांनी ड्रॉवरमधून एक वही काढली. बावीस वर्षं ते परत येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला चहा पाजून तीन प्रश्न विचारत आले होते. गोधड्या धुऊन वाळत घातलेल्या दिसल्या काय? खाटा अंगणात आल्या काय? लोक गच्चीवर चढले काय?

"गोधड्या वाळत दिसल्या, की माल बांधायला घ्यायचा. खाटा अंगणात आल्या, की लॉरी सोडायची. गच्चीवर गेले, म्हणजे आपल्याला उशीर झाला."

नेमका तेव्हाच ड्रायव्हर मुनीरभाई नागपूरची खेप करून परतला होता. बशीतून चहा पिता पिता त्याने बातमी दिली, "वर्धा रोड पे खटियां बाहर आ गईं अण्णा. एक बुढ्ढा तो दोपहर से ही लेटा था."

मला एकदम आईचं अंगण दिसलं. पाणी मारलेलं, मातीचा वास येणारं, निवारीची खाट, उशाशी तांब्या. माहेरचं पत्र यायला आठ दिवस लागायचे आणि त्यात सगळे ठीक आहेत एवढंच असायचं. माहेरी उकडायला लागलंय, हे मला मुनीरभाईकडून कळत होतं! डोळ्यांत पाणी आलं, ते मी प्रिंटरकडे तोंड करून पुसलं.

अनघा मात्र वहीत बुडाली होती. तिच्या कॉम्प्युटरचा अंदाज मार्चचा तिसरा आठवडा म्हणत होता, वही म्हणत होती आजच. तिने पेन उघडलं.

"मला हे रिपोर्टमध्ये घालायचंय. डेटाचा सोर्स काय लिहू?"

शंकरण्णांनी थोडा विचार केला.

"झोप लिवा," ते म्हणाले. "लोकांची झोप."

* * *

कॉम्प्युटरमध्ये एक रकाना होता, 'लीड टाइम'. म्हणजे माल मागितल्यापासून हातात पडेपर्यंतचे दिवस. अनघाने मला सांगितलं, प्रत्येकाला विचार आणि भर. मी फोन घेऊन बसले. तारवाला म्हणाला, "स्वल्प टाइम आगत्ते." खोकेवाला म्हणाला, "स्वल्प." रेल्वेच्या पार्सल ऑफिसात विचारलं, तिथेही थांबायलाच सांगितलं, "स्वल्प वेट माडी." सगळा रकाना स्वल्पने भरला. कॉम्प्युटर आकड्याशिवाय काही घेईना!

"अण्णा, स्वल्प म्हणजे थोडं हे मला कळतं," मी म्हटलं. "पण किती दिवस?"

"कुणाचं स्वल्प?" त्यांनी विचारलं. "तारवाल्याचं दोन दिवस. खोकेवाल्याचं चार. पार्सल ऑफिसचं स्वल्प असंल तर बाई तुम्ही माहेरी जाऊन या."

मी दोन, चार भरलं. पार्सल ऑफिसपुढे दहा टाकले. अनघाने उन्हाळाभर ताडून पाहिलं, एकही आकडा चुकला नाही.

* * *

आता मोठी चूक सांगते. अशी चूक फक्त आम्हीच करू शकतो.

पंख्याची मोटर आमच्या फॅक्टरीत व्हायची, पण पाती शहराबाहेर, आनेकलला नारायणप्पांच्या शेडमध्ये. मोटरचं खोकं वेगळं, पात्यांचं वेगळं. दोन्ही आमच्या हॉलमध्ये भेटायची आणि एकाच लॉरीत चढायची. शंकरण्णा त्याला लग्न लावणं म्हणायचे. मार्चमध्ये एकदा चार दिवस आभाळ भरून राहिलं, पात्यांचा रंग वाळेना, टेम्पो येईना. सोलापूरची लॉरी मोटरी भरून उभी. पावणेचार वाजले.

"थांबायचं का?" मी विचारलं.

शंकरण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना दाढी-मिशी काढायला सांगितलं होतं. चार वाजता लॉरी सुटली. कागदावर त्यांनी माझ्याकडून टाइप करून घेतलं, 'पाती मागाहून येत आहेत.' गुलबर्ग्याच्या लॉरीला तेच. रायचूरच्या लॉरीलाही तेच. तीन दिवस, तीन लॉऱ्या, तिन्ही चारच्या ठोक्याला!

चौथ्या दिवशी सोलापूरच्या दुकानदाराचा फोन आला. मीच उचलला.

"पंखे पोचले बरं का ताई. एकदम वेळेवर. एक लावूनही पाहिला, छान फिरतो, आवाज नाही, काही नाही. वारा तेवढा नाही!"

हॉलमध्ये सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी शंकरण्णांना केबिनमध्ये बोलावलं. काचेतून दिसत होतं, शंकरण्णा परत परत मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून काहीतरी सांगत होते. बाहेर आले तेव्हा चेहरा उतरला होता.

"लॉरी तर टायमाला पोचली की ओ," ते मला म्हणाले. "न्हाई का?"

पोचली होती, हे खरंच होतं.

* * *

त्यानंतर अनघा म्हणाली, आपण आनेकलला जाऊन येऊ. बारा वर्षं नारायणप्पांची पाती येत होती, पण शंकरण्णा तिथे कधी गेले नव्हते. "टेम्पो गेटातनं आत आला की आमचं काम सुरू. त्याच्या आधीचं आम्ही कशाला बघू?" असं त्यांचं म्हणणं. तरी त्या दिवशी धुतलेला शर्ट घालून आले.

आम्ही परत जाणाऱ्या रिकाम्या टेम्पोतून गेलो. होसूर रोड सोडला, नाचणीची शेतं लागली, मग निलगिरीची झाडी. शेडच्या मागे आम्ही वळलो आणि तिघंही थबकलो.

झाडाझाडांना तारा बांधल्या होत्या, आणि तारांना शेकडो पाती टांगलेली. पांढरी, तपकिरी, फिकट निळी. वाऱ्याची झुळूक आली की सगळी एकदम हलायची, सावकाश, एकाच बाजूला वळायची आणि परत यायची. खाली त्यांच्या सावल्या गवतावरून सरकत होत्या. निलगिरीचा आणि रंगाचा मिसळलेला वास. किती वेळ गेला कळलं नाही. मी आयुष्यात इतकी सुंदर गोष्ट फार कमी वेळा पाहिली आहे, आणि तिला आम्ही आजवर फक्त 'पाती, तीनचा सेट' म्हणत होतो.

नारायणप्पा साठीचे, अंगावर रंगाचे डाग. शंकरण्णांनी त्यांना कन्नडमध्ये विचारलं, "आभाळ आलं, रंग वाळणार नाही, हे एका फोनवर कळवलं असतं तर?"

"कळवलं असतं," नारायणप्पा म्हणाले. "पण तुमची लॉरी कधी सुटते, हे मला कुठे माहीत? कुणी सांगितलंच नाही."

ज्या लॉरीवर चहावाला घड्याळ लावायचा, तिची वेळ पाती बनवणाऱ्याला माहीत नव्हती. शंकरण्णा तिथल्या दगडावर बसले आणि काडीने मातीत काहीतरी रेघोट्या मारत राहिले. थोड्या वेळाने अनघाला म्हणाले, "अक्का, लॉरी टायमाला काढायची हे माझं काम. पण लॉरीत काय हाय, ते कुठनं येतंय, कुणाला पायजे, हे ठाऊक नसंल तर मी नुसता गेटवरचा घड्याळवाला. असंच ना?"

म्याडमची अक्का झाली होती. अनघा त्यांच्या शेजारी खालीच बसली. "अ‍ॅक्च्युअली अण्णा, माझंही तेच. सगळी चेन मला पाठ आहे, पण लॉरी सुटली नाही तर ती कागदावरच."

तेवढ्यात नारायणप्पांनी चाचरत विचारलं, "एक विचारू का? ही पाती जातात तरी कुठे?"

शंकरण्णांनी गावं सांगितली. सोलापूर, नांदेड, नागपूर. तिथलं ऊन सांगितलं, खाटा सांगितल्या. नारायणप्पा ऐकतच राहिले.

"देवा!" ते म्हणाले. "टेम्पो यशवंतपूरला जातो ना, मला बारा वर्षं वाटत होतं सगळी तिथेच लागतात. मी बायकोला म्हणायचो, एवढ्या थंड गावात राहून ही माणसं सारखे पंखे कशाला बदलतात?"

* * *

त्या दिवसापासून रोज अकरा वाजता नारायणप्पांचा फोन यायचा. पहिलं वाक्य आभाळाचं, दुसरं पात्यांचं. शंकरण्णा रोज त्यांना गाव सांगायचे. "आज नांदेड." नारायणप्पा शेडमध्ये मोठ्याने ओरडायचे, "नांदेड!" आम्हाला फोनवर ऐकू यायचं.

एप्रिलच्या शेवटी निकालाचा दिवस ठरला. बाहेरच्या ट्रान्सपोर्ट कंपनीचे गृहस्थ आले होते, टाय लावून, जाडजूड फाइल घेऊन. त्यांच्याकडे किती लॉऱ्या, कुठे कुठे गोदामं, सगळे रंगीत तक्ते. साहेबांनी ते शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "चला, आता आमचं डिस्पॅच बघू. चारची लॉरी निघताना बघू." टेबलाऐवजी खोक्यांच्या मधेच खुर्च्या टाकल्या. साहेबांनी घड्याळ काढून हातात धरलं.

नागपूरची लॉरी उभी होती. मोसमातली शेवटची मोठी. मोटरी चढल्या होत्या. पाती नव्हती. साडेतीनला नारायणप्पांचा फोन आला, कुठल्याशा टेलिफोन बूथवरून. टेम्पोचं चाक वाटेत मडिवाळ्याजवळ बसलं होतं, बदलणं चालू होतं.

पावणेचार. अनघा शंकरण्णांजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "अण्णा, प्लीज. जाऊ दे लॉरी. पाती उद्या पाठवू. आजच्या दिवस फक्त चारला निघू दे."

ही तिची वाक्यं! फळ्यावर मोठं वर्तुळ काढणाऱ्या अनघाची! पण मीही मनात तेच म्हणत होते. भाजीखरेदीचं टेबल मला समोर दिसत होतं, त्यावरचा वजनकाटासुद्धा.

शंकरण्णांनी तिच्याकडे मायेने पाहिलं. "नको अक्का," म्हणाले.

चार वाजले. बावीस वर्षांत पहिल्यांदा लॉरी जागची हलली नाही. मल्लप्पा खाली बघत होता. मुनीरभाईने इंजिन बंद केलं आणि हॉलमध्ये एकदम शांतता पसरली. छतातल्या उन्हाचे चौकोन हळूहळू खोक्यांवरून चढत होते. शंकरण्णा लॉरीच्या पायरीवर बसून राहिले, हात मांडीवर, स्टेशनवर पाहुण्यांची वाट बघत बसल्यासारखे. सव्वाचार. साडेचार. टायवाले गृहस्थ खुर्चीत सैलावले, त्यांना हसू आवरत नव्हतं.

पाच वाजायला दहा मिनिटं होती तेव्हा टेम्पो आत शिरला. नारायणप्पा स्वतः मागे खोक्यांवर बसून आले होते, हात ग्रीसने काळे.

साहेब उठले. शंकरण्णांसमोर घड्याळ धरलं. "फिफ्टी मिनिट्स लेट."

"लॉरीला झाला, सर," शंकरण्णा म्हणाले. "पंख्याला न्हाई."

साहेबांसाठी अनघाने ते इंग्रजीत सांगितलं. साहेब टायवाल्यांकडे वळले आणि अगदी साधेपणाने विचारलं, "तुमची लॉरी असती, तर तुम्ही काय केलं असतं?"

गृहस्थ उभे राहिले. याच प्रश्नाची वाट बघत असल्यासारखे.

"सर, आमची लॉरी चारला म्हणजे चारला गेली असती! आम्ही कुणासाठी एक मिनिटसुद्धा थांबत नाही!"

"थँक यू," साहेब म्हणाले. खुर्चीवरची जाडजूड फाइल उचलून त्यांनी त्या गृहस्थांच्या हातात दिली. "रिक्षा गेटवर मिळेल."

शंकरण्णांना यातलं काहीच ऐकू गेलं नाही. ते टेम्पोत चढले होते आणि मल्लप्पावर ओरडत होते, "हळू की रे! पाती हायत ती, नागपूरला चाललीत!"